सोयऱ्याच्या घरचं पाणी

शिंदखेड्याच्या रुपचंद नानांची धाकटी मुलगी मोहिनी हिचं लग्न असोद्याच्या नवीनशी ठरलं. पेढे वाटून झाले, ज्यांना पेढे पोचले नाहीत त्यांचे रुसवेही काढून झाले. वाचकांनी हे वाचलं असल्यास कृपया विसरून जावं. कारण ही गोष्ट सुरू होते त्या रविवारी दुपारी साडेतीन वाजता यातलं काहीही घडलेलं नव्हतं, घडण्याची चिन्हंही नव्हती, आणि रुपचंद नाना घरच्या पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन हातात घेऊन जळगावच्या रिंग रोडवरच्या ‘उगवती टी हाऊस’चा जिना चढत होते.

कॅनचं कारण सांगायला हवं. मुलगी दिली त्या घरचं पाणी बापाने पिऊ नये, ही पद्धत जुनी आहे आणि बहुतेक बाप ती पहिल्या नातवाच्या बारशापर्यंत पाळून सोडून देतात. पण नाना पडले निवृत्त ग्रामसेवक. बत्तीस वर्षं त्यांनी शासनाचा एकही नियम मोडला नाही, कित्येक तर शासन विसरून गेल्यावरही पाळले. मग हा तर वाडवडिलांचा. घरापुरता असलेला हा नियम नानांच्या हातात आल्यावर आधी गल्लीला लागू झाला आणि पुढे अख्ख्या गावाला, आसपासच्या गावांसकट. थोरली कामिनी साक्रीला दिली होती. नऊ वर्षांत नानांनी साक्रीत पाण्याचा थेंब घेतला नव्हता. जाताना कॅन भरलेला, येताना रिकामा. एकदा कॅन एसटीत राहिला, तेव्हा ते कामिनीच्या ओट्यावर तीन तास उचक्या देत बसले, आणि कामिनी समोर पाण्याचा तांब्या धरून रडत बसली. दोघांनीही माघार घेतली नाही.

बरं, नियम लग्नानंतर लागू व्हावा, तर तसंही नाही. “उद्या जमनं तर? आज पेयेल पाणी काय वापस करता येस का?” असं नानांचं म्हणणं. नियम पूर्वलक्षी प्रभावाने लागू, हे त्यांचे आवडते शब्द होते. त्यामुळे मोहिनीसाठी मुलाकडे गेलं, की नाना दारातच हात जोडून सांगत, ‘पाणी नको.’ पहिल्या घराला वाटलं, माणूस गर्विष्ठ दिसतो. दुसऱ्या घराला वाटलं, आपल्यावर विषप्रयोगाचा संशय आहे. तिसऱ्या घराने सरळ अर्थ काढला, की स्थळ पसंत नाही, आणि नाना उठायच्या आत दुसऱ्या मुलीकडच्यांना फोन लावला.

दुसऱ्या बाजूला नवीनचे वडील, जळगावला खेटून असलेल्या असोद्याचे कौतिक आबा. केळीचे बागायतदार, मनाने उदार, नियम एकच: दाराशी आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय परत जायचा नाही. आबांच्या ओसरीवर मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्याने चहा घेतला आहे, पत्ता चुकलेल्याने घेतला आहे, आणि सर्पमित्राने एका हातात साप धरून दुसऱ्या हाताने घेतला आहे. सापालाही विचारलं होतं, असं गावात म्हणतात. “ज्यानं चहा नाकारला, त्यानं दार नाकारलं,” हे आबांचं ब्रीद. मागच्या वर्षी एका मुलीच्या वडिलांना डॉक्टरांनी चहा बंद केला होता. त्यांनी चिठ्ठी दाखवली. आबांनी ती नीट वाचली, घडी घालून परत दिली आणि सोबत स्थळही परत दिलं.

थोडक्यात, एक माणूस पिणार नाही आणि दुसरा पाजल्याशिवाय सोडणार नाही. ही दोन माणसं एकमेकांच्या घरी भेटता कामा नयेत, हे ज्याच्या लक्षात आलं तो भूषण. नवीनचा शाळेपासूनचा दोस्त. पुण्यात सात वर्षं एका आशियाई हॉटेलात राबून तो जळगावला परतला होता आणि त्याने ‘उगवती’ उघडलं होतं. मोहिनी जवळच्याच माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला. शनिवारी ती एकटी यायची, जास्मिनचा चहा प्यायची आणि मोमो मोजून सहा खायची. भूषणने पाच शनिवार तिला पाहिलं आणि सहाव्या शनिवारी नवीनचं नाव काढलं.

“माझ्याकडेच भेटा ना,” त्याने दोन्ही घरांना फोनवर सांगितलं. “ना सासर, ना माहेर. जळगाव म्हणजे मध्यावर.”

शिंदखेड्याहून जळगाव आणि असोद्याहून जळगाव यांत मध्य कुठे आहे, हे कोणी विचारलं नाही. मुलगी एकोणतीस वर्षांची आणि मुलगा बत्तीसचा झाला, की लोक भूगोलात शिरत नाहीत. निदान सुरुवातीला तरी.

‘उगवती’ छान होतं. बांबूच्या जाळ्या, भिंतीवर बगळे आणि छताला कागदी कंदील. मेनूत जपान, चीन आणि व्हिएतनाम गुण्यागोविंदाने नांदत होते आणि शेवटच्या पानावर लोकाग्रहास्तव शेवभाजी होती. आबांच्या पत्नी बेबाबाई आत आल्या आणि वर बघून थांबल्या.

“काय रे भूषण, दिवाई होऊन चार महिने झाले. कंदील काढले नाही का अजून?”

“काकू, ती सजावट आहे.”

“हाव, पन त्यावर धूय बसते ना रे बापा.”

नाना, त्यांच्या पत्नी लताबाई आणि मोहिनी आधीच येऊन बसले होते. रामराम झाले. आबांनी हातातला केळीचा घड टेबलावर ठेवला. नानांनी शेजारी कॅन ठेवला. दोन्ही पक्षांनी आपापली शस्त्रं दाखवली, बाकी वातावरण खेळीमेळीचं होतं.

भूषणने तह आधीच करून ठेवला होता. दोन किटल्या. निळी नानांकडची: तिच्यातला चहा कॅनमधल्या, शिंदखेड्याच्या पाण्यात होईल. हिरवी आबांकडची: तिच्यात जळगावचं पाणी. ज्याने त्याने आपापल्या किटलीतलं प्यावं, कोणाचं कोणाला लागू नये. नानांनी हे दोनदा ऐकून घेतलं आणि मान हलवली. आबांना ते आवडलं नव्हतं, पण नवीनने घरून निघताना त्यांना केळीच्या बागेत उभं करून त्यांच्याकडून शब्द घेतला होता, की कोणालाही चहाचा आग्रह करणार नाही.

सगळं ठीक झालं असतं. पण टेबलावर प्रत्येकाच्या पुढ्यात एक जाड कागद होता आणि त्यावर भूषणने हौसेने छापून घेतलं होतं: ‘आमच्या येथील रीत: स्वतःचा कप स्वतः भरू नये. शेजाऱ्याचा भरावा.’

नानांनी निळ्या किटलीकडे नेलेला हात मागे घेतला.

“हाई काय शे?”

“काही नाही नाना, ती तिकडची पद्धत आहे,” भूषण म्हणाला. “तुम्ही घ्या आपल्या हाताने.”

“कसं लेवू? आठे लिखेल शे.”

“ते असंच, गंमत म्हणून.”

“छापेल गंमत ऱ्हास का कधी?” नाना म्हणाले. बत्तीस वर्षं त्यांना छापील गोष्टीत गंमत आढळली नव्हती. शेवटी लताबाईंनी निळ्या किटलीतून त्यांचा कप भरला. त्या शेजारी होत्या, पत्नी होत्या आणि शिंदखेड्याच्या होत्या. तिन्ही अटी पूर्ण होत होत्या.

मग मोठ्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, “तुम्ही दोघं बसा तिकडे, बोला.” नवीन आणि मोहिनी खिडकीजवळच्या टेबलावर गेले. दोन मिनिटं दोघांनी बगळे पाहिले.

“मी तुम्हाला ओळखते,” मोहिनी म्हणाली. “नमुना क्रमांक चारशे सतरा. तुमची माती वेफर्सच्या पिशवीतून आली होती.”

नवीनचे कान लाल झाले. “स्वच्छ पिशवी आणा म्हणाले होते. ती धुतली होती मी.”

“म्हणूनच मिठाचं प्रमाण बरोबर आलं. पालाश उत्तम, जस्त फार कमी. जस्त टाकलंत?”

“अजून नाही. आबा म्हणाले, बागेला पट्टेरी पानांची सवय आहे.” थोडं थांबून तो म्हणाला, “अहवालाच्या खाली कोणीतरी हाताने लिहिलं होतं, ‘माती चांगली आहे, घाबरू नका.’ तो कागद आहे माझ्याकडे.”

“ते मीच लिहिलं होतं,” मोहिनी म्हणाली आणि पुन्हा बगळ्यांकडे बघू लागली. मग हळूच म्हणाली, “तीन स्थळं पाण्यावरून गेली माझी. मला त्यातल्या एकाचंही वाईट वाटलं नाही. आज मात्र वाटेल.”

नवीनने यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मोठ्यांच्या टेबलावर ते घडलं.

‘उगवती’चे कप बिनकानाचे आणि दोन घोटांचे होते. आबांनी तो बोटांवर धरून उलटसुलट पाहिला होता. “हा कप हाये का तान्ह्या पोराले दूध पाजाचं बोंडलं?” असं विचारून एका घोटात रिकामा केला होता. तसाच नानांचाही रिकामा झाला. पाहुण्याचा रिकामा कप डोळ्यांसमोर पाहून शांत बसणं आबांना जन्मात जमलेलं नव्हतं. त्यांनी नवीनला शब्द दिला होता तो तोंडाने आग्रह न करण्याचा. हाताबद्दल काहीच ठरलं नव्हतं. शिवाय कागदावर छापलेलंच होतं, शेजाऱ्याचा भरावा. आबांनी हिरवी किटली उचलली आणि नानांचा कप काठोकाठ भरला.

सोयऱ्याच्या किटलीतला, सोयऱ्याच्या हातचा चहा नानांच्या पुढ्यात वाफाळत होता. प्यावा तर वाडवडील गेले, ठेवावा तर स्थळ गेलं.

“घ्या ना नाना,” आबांच्या तोंडून निघालंच. “इतकुसा त हाये.”

लताबाईंनी चाळीस वर्षं संसार केला होता. त्यांनी पदर सावरल्यासारखं केलं, कप उचलला, पिऊन टाकला आणि रिकामा जागेवर ठेवला. नियम नानांना होता, त्यांना नव्हता.

आबांनी कप रिकामा पाहिला. गहिवरले. पुन्हा भरला.

लताबाई पुन्हा प्यायल्या.

पुढच्या वीस मिनिटांत व्याह्यांनी पीकपाण्यावर, जावयांच्या मोबाइलवर आणि बसस्टँडच्या अवस्थेवर अतिशय सुरेख गप्पा मारल्या आणि लताबाईंनी अकरा कप चहा घेतला. प्रत्येक कपागणिक आबांचं मत पक्कं होत गेलं, की इतका आपला चहा आवडलेला माणूस या जिल्ह्यात दुसरा नाही. बेबाबाईंच्या सगळं लक्षात आलं होतं, पण त्या तेव्हा चॉपस्टिक निरखत होत्या.

“अक्का, पाह्यलं का?” त्या लताबाईंना म्हणाल्या. “भरताचं वांगं भाजाच्या आधी टोचाले झ्याक काडी हाये. एक घेऊ का मागून?”

“दोन ल्या,” लताबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. “मना डोयामातून आते चहा येई.”

तेवढ्यात भूषणने बांबूच्या टोपल्या आणून ठेवल्या आणि लताबाई वाचल्या. झाकण उघडलं. वाफ वर गेली, खाली केळीच्या पानावर आठ मोमो. नानांनी टोपली कोणाच्या बाजूची, ते आधी विचारून घेतलं. निळ्या किटलीची, कॅनच्याच पाण्यावर वाफवलेली, म्हणजे आपलीच. मग त्यांनी एक मोमो तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा निवळला.

“हाऊ तर आपला फुणकाना भाऊ शे!” खानदेशात डाळीचे फुणके वाफवतात, तेवढी ओळख नानांना पुरली. “चांगलं लागस. आबा, तुम्ही बी ल्या.”

नाना खुशीत आले. सहा मोमो गेले. सातवा उचलताना ते चक्क म्हणाले, “पोऱ्या चांगला दिखस. बठ्ठं चांगलंच दिखी राहिनं.” खिडकीजवळ मोहिनीने हे ऐकलं आणि नवीनकडे बघून पहिल्यांदा हसली.

आणि आबा टोपलीत वाकून बघू लागले.

टोपलीच्या काठाबाहेर पानाची एक कड आली होती. आबांनी ती दोन बोटांत धरली, चष्मा वर केला, उजेडाकडे तिरकी केली. हिरव्यावर पांढरट पट्टे होते. आबांचा चेहरा एखाद्या बापाला गर्दीत आपलं पोर दिसावं तसा उजळला.

“अरे! हे त माह्या बागेतलं पान हाये!”

“तुम्ही कसं वयखं?” नानांनी कौतुकाने विचारलं. सातवा मोमो अजून हातातच होता.

“हे पट्टे पाह्य ना. साऱ्या शिवारात असे पट्टे फक्त माह्या बागेत. मोहिनीच्या हाफिसातच तपासलं, जस्त कमी हाये म्हने. दुसऱ्याचं पान असं येऊच शकत नाही!”

“बरोबर आबा!” भूषण काउंटरवरून अभिमानाने ओरडला. “दर सोमवारी पानं नवीनच आणून देतो. फार्म टू टेबल!”

नवीनने डोळे मिटले. दर सोमवारी तो पन्नास पानं आणून देत होता, आणि तहाच्या एकाही कलमात त्याला ती आठवली नव्हती.

नानांनी सातवा मोमो सावकाश टोपलीत ठेवला. मग टोपली लांब सारली. मग कॅनचं बूच उघडून चूळ भरायला उठले, पण सहा मोमो चुळीने निघत नसतात, हे लक्षात आल्यावर तिथेच उभे राहिले.

“पान असोदानं,” ते हिशेब मांडल्यासारखं म्हणाले. “पान वाढनं असोदाना पाणीवर. त्या पानमजारली वाफ मोमोमा गई. मोमो मना पोटमा.”

“नाना, केयीचं पान म्हणजे काय पाणी होते का?” आबा चक्रावले. “पान म्हणजे पान.”

“मोहिनी माय, आठे ये. पानमा पाणी कितलं ऱ्हास?”

मोहिनी उठून आली. तिला खोटं बोलता आलं असतं. पण ती नानांची मुलगी होती, आणि प्रयोगशाळेतली.

“ऐंशी टक्क्यांच्या वर,” ती म्हणाली.

नवीनने तिच्याकडे पाहिलं. नानांनी कॅन उचलला. “उठा. नियम मोडना. आते हाई स्थळ सोडी दिधं, तरच तो वाचस. सोयरं व्हयनंच नही, तर पाणी सोयराना घरनं कसं म्हनतीन?”

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता, की आबांनीसुद्धा क्षणभर पटल्यासारखी मान हलवली. लताबाई उठल्या नाहीत. अकरा कपांनंतर ते सोपं नव्हतं.

“थांबा नाना,” मोहिनी म्हणाली. “स्थळ सोडू. पण कागदोपत्री नीट सोडू.”

कागदोपत्री म्हटल्यावर नाना थांबले. मोहिनीने नानांच्या पुढ्यातला जाड कागद उलटा केला. बेबाबाईंच्या हातातली चॉपस्टिक घेतली, सोया सॉसच्या वाटीत बुडवली आणि कोऱ्या बाजूवर उजवीकडून डावीकडे एक लांब काळी रेघ ओढली.

“ही तापी. इकडे भुसावळ, इथे असोदं. यांच्या शिवारातला ओहोळ इथे तापीला मिळतो. तापी वाहते कुठे?”

“पश्चिमले,” नाना म्हणाले. शासकीय माहिती होती, नाकारता येत नव्हती.

“आणि आपल्या नळाला पाणी कुठून येतं?”

“तापीवरतून. मीच तो पाइपलाइनना ठराव लिखा व्हता.”

“म्हणजे असोद्याच्या बांधावरून गेलेलं पाणी तुम्ही नळ आल्यापासून पिताय. आणि नियम पूर्वलक्षी आहे.”

नाना कागदाकडे बघत राहिले. “मंग असोदं सोडी देवो,” ते म्हणाले. “दुसरं गाव देखू.”

“रावेर, यावल, भुसावळ, सगळी वरच्या अंगाला. सगळ्यांचं पाणी आपल्याकडेच येतं. नियमात बसणारं स्थळ हवं असेल, तर खाली सुरतेच्या पुढे, समुद्रात बघावं लागेल.”

“समुद्रातले लोक चहाले कसे हायेत?” आबांनी नवीनला हळूच विचारलं.

मोहिनीने चॉपस्टिक पुसली आणि यावेळी लाल चटणीत बुडवली. डावीकडून खालून वर एक बारीक तांबडी रेघ आली आणि काळ्या रेघेला मिळाली.

“ही पांझरा. साक्रीचं पाणी घेऊन धुळ्यावरून येते आणि मुडावदला तापीत पडते. आपली पाइपलाइन मुडावदच्या वर की खाली?”

नानांनी कागदावर बोट ठेवलं आणि उचललं. ठराव त्यांनीच लिहिला होता.

“खाली,” मोहिनी म्हणाली. “नाना, नऊ वर्षं तुम्ही हा कॅन भरून कामिनीताईकडे नेताय. त्यात साक्रीचंच पाणी असतं. तिच्या सासरचं पाणी एसटीने तिच्याच घरी नेऊन तिच्यासमोर पिता. फक्त तिच्या हातचं पीत नाही.”

कंदील वाऱ्याने किंचित हलले. नानांनी कॅनकडे पाहिलं. नऊ वर्षं इमानाने सोबत केलेला कॅन होता, त्यावर त्यांनी खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं होतं.

“मना बाप सांगे,” ते त्या नावावरून बोट फिरवत म्हणाले, “पोर दिधी का तिना घरवर एक घोटना बी भार टाकानं नही. ती तठे नवी ऱ्हास. तिले कोणी म्हनाले नको, का तुना बाप उना अन् पीसन गया.”

“म्हटलं असतं,” मोहिनी म्हणाली. “ताईला आवडलं असतं.”

हिरव्या किटलीतला बारावा कप नानांच्या पुढ्यात तसाच होता. आबा त्याच्याकडे बघत होते, पण त्यांनी जिभेला दातांत धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते कोणाला आग्रह करत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

लताबाईंनी खोल श्वास घेतला.

“आहो,” त्या म्हणाल्या, “कप उचलतस का? का हाऊ बी मीच पेऊ? मंग माले घर तुम्ही उचलीसन लई जा.”

नानांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग नकाशाकडे. खाली बसले. बिनकानाचा कप दोन्ही हातांनी उचलला आणि निवलेला चहा दोन घोटांत संपवला. काही झालं नाही. वाडवडील कुठूनही प्रकट झाले नाहीत.

आबांनी ताबडतोब कप भरला. नानांनी तोही घेतला.

“कसा हाये?” आबांनी विचारलं.

“पाणी वयखीनं लागस,” नाना जुनी ओळख पटल्यासारखं म्हणाले.

बेबाबाईंनी केळीच्या घडातली दोन केळी मोडून मोहिनीच्या ओंजळीत ठेवली, म्हणजे असोद्याकडून होकार झाला. नवीनने तिथल्या तिथे जाहीर केलं, की उद्याच बागेला जस्त टाकतो. “एक रोप सोड मातर तसंच,” आबा म्हणाले, “वयख ऱ्हाऊ दे.” मोहिनी फोन घेऊन खिडकीशी गेली. “ताई,” ती म्हणत होती, “पुढच्या रविवारी नाना तुझ्याकडे येताहेत. चहा टाकून ठेव. नाही, रिकाम्या हाताने येताहेत. अगं, रडतेस काय?”

हा सगळा गलका चालू असताना नानांनी भूषणकडे पेन मागितलं. नियम मोडला होता, हे त्यांना मान्य होतं. तो मोडलेल्या अवस्थेत तसाच सोडून देणं मात्र त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी तोच जाड कागद घेतला, नकाशा खालच्या बाजूला केला आणि छापलेल्या रीतीच्या खाली उरलेल्या जागेत, बत्तीस वर्षांच्या सवयीच्या वळणदार अक्षरात लिहिलं:

‘प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब, पाटबंधारे विभाग, यांचे सेवेशी.

विषय: तापी नदी उलटी वाहून मिळणेबाबत.

महोदय,
अर्जदार रुपचंद, निवृत्त ग्रामसेवक, राहणार शिंदखेडा, कारणे अर्ज करतो की, अर्जदाराची धाकटी कन्या असोदे येथे देण्याचे आजरोजी निश्चित झाले आहे. सदर नदी असोद्याकडून शिंदखेड्याकडे वाहत असल्याने मुलीच्या सासरचे पाणी अर्जदाराचे घरी रात्रंदिवस येत असून ते थांबविणे अर्जदाराचे कुवतीबाहेर आहे. तरी सदर नदी लग्नाचे तारखेपासून शिंदखेड्याकडून असोद्याकडे वाहील असे आदेश व्हावेत. तसेच पांझरा नदीस मुडावदवरून साक्रीस परत पाठविण्यात यावे.

उपरोक्त प्रकरणी निर्णय होईपर्यंत अर्जदारास दोन्ही मुलींच्या सासरी चहा व पाणी पिण्याची तात्पुरती परवानगी असावी, ही नम्र विनंती. निर्णयाची घाई नाही.

सोबत: नकाशा, पाठीमागे (तापी सोया सॉसमध्ये, पांझरा चटणीमध्ये).’